पाव मैलाचं मैदान: बोमन ग्रे स्टेडियमच्या शनिवारच्या शर्यती

अमेरिकेतले मोटार शर्यतींचे ड्रायव्हर बॉबी ॲलिसन यांनी ६ ऑगस्ट १९७१ च्या रात्री एक शर्यत जिंकली. ती त्यांच्या नावावर चढली २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे त्रेपन्न वर्षांनी. तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ९ नोव्हेंबरला, ते गेले. जाताना त्यांच्या खात्यावर ८४ ऐवजी ८५ विजय होते. मधल्या सगळ्या काळात त्या रात्रीच्या निकालात विजेत्याचं नावच नव्हतं. पहिल्या आलेल्याला विजय नाही, आणि दुसरे आलेल्या रिचर्ड पेटींनाही नाही.

ही शर्यत झाली ती जागा म्हणजे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं, विन्स्टन-सेलम शहराचं बोमन ग्रे स्टेडियम. एक अमेरिकन फुटबॉलचं मैदान, त्याच्या कडेने पाव मैलाचा, म्हणजे जेमतेम ४०० मीटरचा सपाट डांबरी ट्रॅक, आणि भोवती साधारण सतरा हजार लोक बसतील अशा पायऱ्या. उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री इथे गाड्यांच्या शर्यती होतात. नॅसकार ही अमेरिकेतल्या ‘स्टॉक कार’ शर्यतींची मोठी संस्था. तिच्या छत्राखाली दर आठवड्याला शर्यत भरवणाऱ्या ट्रॅकमध्ये सगळ्यात दीर्घ परंपरा याची आहे. सुरुवात १९४९ ची. गावच्या मैदानावरच्या या शर्यती इतकी वर्षं कशा टिकल्या आणि नॅसकारच्या मोठ्या मालिकेने त्यांना मध्येच का सोडलं, हे समजून घेण्यासारखं आहे. ॲलिसन यांच्या अडकलेल्या विजयाचं उत्तरही त्यातच मिळतं.

आधी ‘स्टॉक कार’ म्हणजे काय ते पाहू. दुकानात विकायला ठेवलेला माल म्हणजे स्टॉक. तुम्ही-आम्ही विकत घेऊ शकतो तशी गाडी शर्यतीत उतरवली की ती स्टॉक कार. फॉर्म्युला वनसारखी शर्यतीसाठीच जन्माला घातलेली नव्हे. निदान सुरुवातीची कल्पना तरी हीच होती. आज नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेतली गाडी दिसायला बाजारातल्या मॉडेलसारखी असली तरी आतून पूर्ण वेगळी असते. पण गावोगावच्या छोट्या ट्रॅकवरच्या सगळ्यात खालच्या गटात अजूनही खरीखुरी जुनी गाडी येते: आतल्या सीट काढलेली, लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलेली, दारावर ब्रशने आकडा रंगवलेली.

या खेळाची मुळं हातभट्टीच्या दारूत आहेत. नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात मक्याची दारू गाळायची आणि कर चुकवून रातोरात शहरात पोचवायची, हा कित्येक घरांचा धंदा होता. मागे पोलिस लागले तर निसटता यावं म्हणून गाडीचं इंजिन वाढवलेलं असे. मागचं वजन कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून मागच्या स्प्रिंगाही कडक केलेल्या असत. अशा गाड्या हाताळणारी पोरं सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी शेतात जमून कोण वेगवान याची पैज लावायची. त्यातूनच तिकिटाच्या शर्यती उभ्या राहिल्या. १९ जून १९४९ रोजी शार्लट इथे नॅसकारची पहिली ‘अगदी दुकानातल्यासारख्या’ गाड्यांची शर्यत झाली. तिच्यात पहिला आलेला ग्लेन डनवे बाद ठरला तो नेमका या स्प्रिंगांपायी. तपासणीत त्या कडक केलेल्या निघाल्या. विजय गेला कॅन्ससहून आलेल्या जिम रोपरकडे.

बोमन ग्रेवरची नॅसकारची पहिली शर्यत याच्या महिनाभर आधीची, १८ मे १९४९ ची. ती फॉन्टी फ्लॉकने जिंकली. म्हणजे ज्या मालिकेला आज जग ओळखतं, तिच्याहून या मैदानावरच्या शर्यती महिनाभराने का होईना, थोरल्या आहेत.

मैदान त्याही आधीचं. १९३० च्या दशकात अमेरिकेत महामंदी होती आणि सरकार बेकारांना सार्वजनिक कामांवर लावत होतं. रस्ते, शाळा, पूल, मैदानं. आपल्याकडच्या रोजगार हमीच्या कामांशी जुळणारा विचार. त्या निधीतून १९३७ मध्ये या स्टेडियमचं बांधकाम झालं. बाकीच्या खर्चाला मोठा हातभार लावला तो बोमन ग्रे यांच्या पत्नीने, म्हणून मैदानाला पतीचं नाव. हे बोमन ग्रे म्हणजे आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीचे प्रमुख. १९३५ मध्ये ते वारले होते. विन्स्टन-सेलम हे पूर्णपणे तंबाखूचं शहर. विन्स्टन आणि सेलम ही दोन गावं १९१३ मध्ये एक झाली आणि त्याच वर्षी रेनॉल्ड्सने कॅमल सिगारेट बाजारात आणली. पुढे १९५४ मध्ये विन्स्टन आणि १९५६ मध्ये सेलम हे ब्रँड आले. शहराच्या नावाचे दोन तुकडे दोन पाकिटांवर छापले गेले. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोटारी मैदानात आणणारे दोघे: बिल फ्रान्स आणि ॲल्विन हॉकिन्स. फ्रान्स मूळचे मेकॅनिक, स्वतः शर्यती पळवलेले. डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीचच्या एका हॉटेलात त्यांनी शर्यती भरवणाऱ्यांची बैठक घेतली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये नॅसकारची रीतसर नोंदणी झाली. ही संस्था का लागली? तेव्हाच्या शर्यतींत तिकिटाचा गल्ला गोळा करून शर्यत संपायच्या आत पसार होणारे आयोजक होते. जिंकलेला ड्रायव्हर तेल-धुळीने माखलेल्या तोंडाने बक्षीस मागायला जाई तर तिथे कुणीच नसे. एका गावचा नियम दुसऱ्या गावी चालत नसे. दुखापत झाली तर विमा नाही. नॅसकारने ट्रॅकला आपली मान्यता द्यायची, त्या बदल्यात ट्रॅकने एक नियमावली पाळायची, बक्षिसाची हमी द्यायची, गुणतक्ता ठेवायचा, असा तो व्यवहार होता. आज नॅसकार म्हटलं की अब्जावधींचा टीव्ही करार आठवतो. पण या संस्थेचा पाया म्हणजे गावोगावच्या ट्रॅकवर ड्रायव्हरला मिळालेली ही शाश्वती.

आता ट्रॅककडे वळू, कारण या मैदानाचा सगळा स्वभाव त्याच्या मापात आहे. शाळेच्या क्रीडादिनी ४०० मीटरची धाव आठवते? धावपटू एका रेषेत उभे नसतात. बाहेरच्या पट्ट्यातला पुढे उभा केलेला असतो, कारण वळणावर बाहेरून धावणाऱ्याला जास्त अंतर पडतं. प्रत्येक पट्ट्यामागे सात-साडेसात मीटर. गाड्यांना अशी सूट नसते. गणित अगदी साधं आहे. पूर्ण फेरीत तुम्ही जितके मीटर बाहेरून जाल, त्याच्या सहा पटींहून थोडं जास्त अंतर वाढतं (वर्तुळाच्या परिघाचं सूत्र, दोन गुणिले पाय). तीन मीटर बाहेरून गेलात की दर फेरीला सुमारे १९ मीटर जास्त. गंमत अशी की ट्रॅक लहान असो वा मोठा, ही वाढ तेवढीच राहते. अलाबामातला टॅलाडेगा ट्रॅक ४.२८ किलोमीटरचा आहे. तिथे १९ मीटर म्हणजे अर्धा टक्काही नाही. बोमन ग्रेवर तेच १९ मीटर जवळजवळ पाच टक्के होतात. गाडीच्या लांबीत मोजायचं तर दर फेरीला चार गाड्या मागे.

म्हणजे बाहेरून पुढे जाणं जवळपास अशक्य. आतली कड ज्याच्याकडे, शर्यत त्याची.

त्यात हा ट्रॅक सपाट. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये मोटारसायकल उभ्या भिंतीवर फिरते, कारण भिंतच तिला आतल्या बाजूला ढकलत असते. मोठ्या ट्रॅकची वळणं म्हणूनच उतरती बांधलेली असतात, टॅलाडेगाला तब्बल ३३ अंशांची. गाडीला वळवण्याचं बरंचसं काम तिथे रस्ता करतो. बोमन ग्रे हे मुळात फुटबॉलचं मैदान. वळणाला चढ द्यायचा प्रश्नच नव्हता. इथे गाडी वळते ती फक्त टायरच्या पकडीवर. वेग दुप्पट केला तर लागणारी पकड चौपट होते, म्हणून प्रत्येक वळणाआधी ब्रेक मारावाच लागतो. एक फेरी साधारण तेरा-चौदा सेकंदांची, सरासरी वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. हा आकडा हायवेवर फिरणाऱ्याला किरकोळ वाटेल. पण त्या चौदा सेकंदांत दोनदा जोरात ब्रेक, दोनदा पूर्ण वळण, दोनदा पूर्ण ॲक्सिलरेटर, आणि पुढेमागे हातभर अंतरावर वीसेक गाड्या. सलग शंभर, दोनशे फेऱ्या. श्वास घ्यायला सरळ रस्ताच नाही.

मग पुढे जायचं कसं? धक्का देऊन. वळणावर समोरच्याने ब्रेक मारला की त्याच्या गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागची चाकं हलकी होतात. नेमक्या त्या क्षणी तुमचा पुढचा बंपर त्याच्या मागच्या बंपरला हलकेच टेकला, की त्याचं मागचं अंग सुटतं आणि गाडी हातभर, दोन हात बाहेर सरकते. आतली कड मोकळी. तुम्ही तिथे शिरता. जोर थोडा कमी पडला तर काहीच होत नाही. थोडा जास्त झाला तर समोरची गाडी गिरकी घेऊन कठड्यावर. ‘मी त्याला फक्त हलवलं’ आणि ‘त्याने मला मुद्दाम फिरवलं’ या दोन वाक्यांमधली भांडणं या मैदानावर पंचाहत्तर वर्षं चालू आहेत. ट्रॅकचं टोपणनावच ‘मॅडहाऊस’, म्हणजे वेड्यांचं घर. टीव्हीवाल्यांनी २०१० मध्ये याच नावाने मालिका काढली तेव्हा हाणामाऱ्याच जास्त दाखवल्या. मला त्या हातघाईपेक्षा तो अलगद धक्का जास्त थोर वाटतो. इतक्या वेगात नेमका तेवढाच जोर लावणं ही कलाकुसर आहे, आणि ती फक्त अशा अरुंद, सपाट ट्रॅकवरच शिकता येते.

गाडी बांधणारेही याच मापाला शरण जातात. सगळी वळणं डावी, म्हणून गाडी डावीकडे वळायलाच बांधलेली. चहाचा कागदी कप टेबलावर आडवा करून ढकलून बघा. तो सरळ जात नाही, गोल फिरतो, कारण त्याचं तोंड मोठं आणि बूड लहान. शर्यतीच्या गाडीची मागची दोन चाकं बहुधा एकाच धुऱ्याला घट्ट जोडलेली असतात, दोन्हींना सारख्याच गतीने फिरावं लागतं. पण एका फेरीत उजव्या चाकाला डाव्यापेक्षा सुमारे दहा मीटर जास्त चालायचं असतं. उपाय कपाचाच: उजव्या बाजूला घेराने थोडा मोठा टायर. मग गाडी आपसूक डावीकडे ओढ घेते. वजनही शक्य तितकं डावीकडे सरकवलेलं. मेकॅनिक शनिवारी दुपारी फीत घेऊन टायरचा घेर पुन्हा पुन्हा मोजत बसतात ते याचसाठी.

गट चार. सगळ्यात वर ‘मॉडिफाइड’: चाकं अंगाबाहेर उघडी, रुंद टायर, बुटक्या, खेकड्यासारख्या पसरलेल्या गाड्या. मग ‘स्पोर्ट्समन’, त्याखाली ‘स्ट्रीट स्टॉक’, आणि तळाला चार सिलिंडरच्या छोट्या गाड्यांचा ‘स्टेडियम स्टॉक’. हा तळाचा गट टिकला म्हणून ट्रॅक टिकला, असं माझं मत आहे. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोराला कुणाच्या तरी अंगणात गंजत पडलेली गाडी घेऊन इथे उतरता येतं. त्याच्या मागे घरचे, शेजारचे, कामावरचे दहा-पंधरा जण तिकीट काढून येतात. दहा वर्षांनी तोच मॉडिफाइड चालवतो, आणि तोवर ते पंधरा जण या मैदानाचे कायमचे झालेले असतात.

अशा ट्रॅकचा हिशेब दोन फाटकांवर चालतो. पुढच्या फाटकातून प्रेक्षक येतात. मागच्या फाटकातून गाड्या, ड्रायव्हर आणि त्यांचे मदतनीस येतात, आणि छोट्या ट्रॅकवर या मागच्या फाटकातल्यांनाही पासाचे पैसे पडतात. बक्षिसाची रक्कम बहुतेकांच्या टायरचाही खर्च भागवत नाही. हे लोक कमवायला येत नाहीत. सोमवार ते शुक्रवार पोटापाण्याचं काम, रात्री गाडीचं काम, शनिवारी शर्यत, असा त्यांचा आठवडा.

मायर्स घराण्याकडे पाहिलं की हे नीट कळतं. बॉबी आणि बिली हे भाऊ पन्नासच्या दशकातले इथले लाडके ड्रायव्हर. २ सप्टेंबर १९५७ रोजी साउथ कॅरोलायनातल्या डार्लिंग्टनच्या मोठ्या शर्यतीत बॉबीचा अपघाती मृत्यू झाला. पुढच्याच एप्रिलमध्ये बिलीला बोमन ग्रेवर, चालू शर्यतीत, हृदयविकाराचा झटका आला आणि तोही गेला. सात-आठ महिन्यांत दोन्ही भाऊ. त्यांच्या स्मरणार्थ या मैदानावर ‘मायर्स ब्रदर्स’ शर्यत सुरू झाली. घराण्याने मैदान सोडलं नाही. पुढच्या पिढ्या इथेच धावल्या, आणि बर्ट व जेसन मायर्स ही नावं आजच्या प्रेक्षकांनाही घरच्यासारखी आहेत.

१९५८ ते १९७१ या काळात नॅसकारची सर्वोच्च मालिका, तेव्हाचं नाव ग्रँड नॅशनल, इथेही येत होती. अशा २९ शर्यती झाल्या. रेक्स व्हाइटने त्यातल्या सहा जिंकल्या. ग्लेन वुडने ग्रँड नॅशनलमध्ये आयुष्यात चार विजय मिळवले, ते चारही याच मैदानावर. त्यांच्या घरच्या संघाने पुढे शर्यतीत थांबून टायर-इंधन देण्याचं काम इतकं झपाट्याचं केलं की १९६५ मध्ये इंडियानापोलिसच्या जगप्रसिद्ध शर्यतीत जिम क्लार्कच्या गाडीसाठी खास त्यांना बोलावलं गेलं. रिचर्ड पेटींचा शंभरावा विजयही इथलाच, २२ ऑगस्ट १९६९ च्या मायर्स ब्रदर्स शर्यतीतला.

या सोनेरी आठवणींशेजारी एक काळी आठवणही ठेवायला हवी. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिल गावचे वेंडेल स्कॉट, कृष्णवर्णीय, मेकॅनिक, आधी टॅक्सी चालवलेले. १९५२ मध्ये ते आपली गाडी ओढून विन्स्टन-सेलमला नॅसकारच्या शर्यतीसाठी घेऊन आले. कृष्णवर्णीयांना परवानगी नाही, असं सांगून अधिकाऱ्यांनी त्यांना परत पाठवलं. ते डोळ्यांत पाणी घेऊन घरी गेले, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. मग वर्षानुवर्षं लहान ट्रॅकवर नाव कमावून ते १९६१ मध्ये ग्रँड नॅशनलमध्ये पोचले. तिथे जवळपास पाचशे शर्यती पळवल्या, बोमन ग्रेवरही उतरले. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला ते जिंकले. पण झेंडा आणि करंडक दुसऱ्याला देण्यात आला आणि काही तासांनी, गर्दी पांगल्यावर, ‘मोजणीत चूक झाली’ असं सांगून विजय त्यांच्या नावे केला. फेऱ्या तेव्हा हाताने मोजल्या जायच्या. प्रत्येक गाडीसाठी एक माणूस हातात कार्ड घेऊन दर फेरीची वेळ लिहायचा. चुका व्हायच्या हे खरं. पण ही चूक शेकडो फेऱ्यांच्या गोंधळातली नव्हती, हे ओळखायला कुणालाही कार्ड लागणार नाही. स्कॉट १९९० मध्ये वारले. त्यांच्या कुटुंबाच्या हाती नॅसकारने रीतसर करंडक दिला तो २०२१ मध्ये.

आता तंबाखूकडे परत. १९७१ च्या जानेवारीपासून अमेरिकेत टीव्ही आणि रेडिओवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. रेनॉल्ड्सकडे जाहिरातीचा प्रचंड पैसा अचानक मोकळा झाला. त्याच सुमारास मोटार कंपन्या शर्यतींतून हात काढून घेत होत्या आणि ड्रायव्हर पैशासाठी दारोदार फिरत होते. एकेकाळी हातभट्टीची दारू वाहणारा नामांकित ड्रायव्हर ज्युनियर जॉन्सन आपल्या संघासाठी पैसे मागायला रेनॉल्ड्सकडे गेला. पण कंपनीकडे एका संघावर खर्च होण्याजोगा नव्हे, अख्ख्या मालिकेला पुरेल एवढा पैसा होता. मालिकेचं नाव विन्स्टन कप झालं, आणि ते २००३ पर्यंत राहिलं.

पैशाबरोबर आकार बदलला. १९७१ मध्ये हंगामात ४८ शर्यती होत्या. १९७२ मध्ये उरल्या ३१. २५० मैलांहून कमी अंतराच्या शर्यती अजिंक्यपदाच्या वेळापत्रकातून गेल्या. बोमन ग्रेची मायर्स ब्रदर्स शर्यत होती २५० फेऱ्यांची. पाव मैलाच्या २५० फेऱ्या म्हणजे साडेबासष्ट मैल. सुटका नव्हतीच. ज्या कंपनीच्या प्रमुखाचं नाव मैदानाच्या दारावर, ज्या कंपनीच्या कारखान्यात या पायऱ्यांवर बसणाऱ्या कित्येकांची नोकरी, तिच्याच पैशाने मोठी मालिका या मैदानातून उचलून नेली. कुणी वाईट चिंतलं असं मला वाटत नाही. देशभर दिसायचं तर मोठे ट्रॅक हवे होते, एवढंच. याच कंपनीने १९८२ पासून गावोगावच्या साप्ताहिक शर्यतींनाही विन्स्टनच्या नावाने पैसा दिला, हेही नोंदवायला हवं.

ॲलिसन यांचा विजय अडकला तो या संक्रमणाच्या फटीत. मोटार कंपन्यांनी पाठ फिरवल्याने १९७१ मध्ये गाड्या कमी पडत होत्या. म्हणून काही छोट्या शर्यतींत ‘ग्रँड अमेरिकन’ या दुसऱ्या मालिकेच्या लहान गाड्यांनाही सोबत धावू दिलं. ६ ऑगस्टला ॲलिसन अशीच फोर्ड मस्टँग घेऊन उतरले आणि पेटींच्या मोठ्या गाडीच्या आधी रेषा ओलांडली. हलकी, आखूड गाडी अशा चिंचोळ्या ट्रॅकवर सरस ठरणार हे उघड होतं. मग वाद निघाला: लहान गटाच्या गाडीला मोठ्या मालिकेचा विजय द्यायचा का? कुणी ठाम उत्तर दिलं नाही. हंगाम संपला, पुढच्या वर्षी छोट्या शर्यतीच गेल्या, आणि ती नोंद तशीच धूळ खात पडली.

मोठी मालिका गेल्यावर अनेक छोटे ट्रॅक संपले. याच राज्यातल्या हिल्सबरोचा ऑकनीची ट्रॅक तर त्याआधीच, १९६८ मध्ये बंद पडला होता. तिथे आज जंगल आहे. लोक पायवाटेने फिरतात आणि जुन्या पायऱ्यांमधून वाढलेली झाडं बघतात. याच राज्यातल्या नॉर्थ विल्क्सबरोच्या ट्रॅकला १९९६ नंतर सर्वोच्च मालिकेची शर्यत उरली नाही, कारण नव्या मालकांनी त्याच्या तारखा दुसऱ्या राज्यांतल्या आपल्या ट्रॅकवर नेल्या. मोठ्या खटपटीनंतर २०२३ मध्ये ती मालिका तिथे पुन्हा धावली.

बोमन ग्रेवर मात्र १९७२ च्या उन्हाळ्यातही शनिवारी लोक आले. कारण उघड आहे. ते मुळात मोठ्या मालिकेसाठी येतच नव्हते. पेटी वर्षातून एक-दोनदा यायचे. समोरच्या गल्लीतला ड्रायव्हर दर आठवड्याला दिसायचा. दुसरं कारण जमिनीचं. खासगी ट्रॅकभोवती शहर वाढलं की आवाजाच्या तक्रारी येतात, जागेचा भाव चढतो आणि मालकाच्या वारसांना प्लॉट पाडणं परवडतं. हे मैदान शहराचं. पूर्वी वेक फॉरेस्ट विद्यापीठ इथे फुटबॉल खेळायचं. आज विन्स्टन-सेलम स्टेट या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठाचा संघ खेळतो. हिवाळ्याच्या तोंडावर फुटबॉल, उन्हाळ्यात शर्यती. एकाच गवताची देखभाल, एकाच पायऱ्यांची डागडुजी. मैदान विकायचं कुणाच्या मनात आलंच असतं तर दोन वेगवेगळे जमाव आडवे आले असते. ज्या शहरात वेंडेल स्कॉटना परत पाठवलं, तिथे मोटारींचा ट्रॅक टिकवण्यात एका कृष्णवर्णीय विद्यापीठाच्या फुटबॉलचा वाटा आहे, ही गोष्ट शर्यतींच्या इतिहासात फारशी बोलली जात नाही. बोलली जायला हवी.

फ्रान्स आणि हॉकिन्स घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेला हा कारभार २०२४ मध्ये नॅसकारने स्वतःकडे घेतला. कठड्यांना धक्का शोषणारी नवी भिंत लागली, दिवे बदलले. आणि २ फेब्रुवारी २०२५ रोजी, १९७१ नंतर पहिल्यांदा, सर्वोच्च मालिकेच्या गाड्या या पाव मैलावर उतरल्या. हंगामाच्या आधीची ही प्रदर्शनी शर्यत २०० फेऱ्यांची, म्हणजे अवघी ५० मैल. मायर्स ब्रदर्सपेक्षाही आखूड. चेस एलियट जिंकला.

पात्रता फेऱ्यांत दोन स्थानिक होते. एक बर्ट मायर्स. दुसरा टिम ब्राउन, या मैदानावर शंभराहून जास्त मॉडिफाइड शर्यती जिंकलेला आणि एरवी मोठ्या मालिकेतल्या एका संघाच्या कारखान्यात गाड्या बांधणारा. या वेळी त्याने बांधलेल्या गाडीत तो स्वतः बसला. दोघांनाही मुख्य शर्यतीत जागा मिळाली नाही. तरी ते ट्रॅकवर आले तेव्हा पायऱ्यांवरचे लोक उठून उभे राहिले. वसंतात शनिवारचा हंगाम सुरू झाला आणि मैदान पुन्हा मॉडिफाइडच्या हवाली झालं.